कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम

कोल्हापूर शहरात दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्याच्या तोंडाशी संपणारा स्थानिक फुटबॉल सामन्यांचा काळ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) वरिष्ठ गटाची शाहू छत्रपती लीग हा या हंगामाचा कणा. तिला जोडून निरनिराळ्या चषक स्पर्धा होतात. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, गावोगावच्या मैदानांवर जे स्थान कबड्डीला आहे, ते कोल्हापूरच्या पेठांमध्ये फुटबॉलला आहे. महाराष्ट्रात मुंबईचा फुटबॉल जुना आणि नामवंत खरा, पण एका शहराची संध्याकाळ महिनोन्‌महिने या खेळाने व्यापावी, असे दुसरे ठिकाण राज्यात नाही.

खेळाला मिळालेला राजाश्रय ही या परंपरेची सुरुवात. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी (निधन १९१८) यांच्या फुटबॉलप्रेमापासून कोल्हापूरकर आपला इतिहास मोजतात. १९४० मध्ये केएसएची स्थापना झाली आणि छत्रपती घराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध आजही टिकून आहे. कोल्हापुरातले अनेक तलाव काळाच्या ओघात बुजवले गेले. त्यांपैकी रावणेश्वर तलावाच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. लीगचे सामने तिथेच होतात.

या हंगामाचे खरे वैशिष्ट्य संघांच्या नावांतच दिसते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम मंडळ: ही नावे फुटबॉल क्लबची कमी आणि कुस्तीच्या आखाड्यांची जास्त वाटतात, आणि ती तशीच आहेत. मल्लविद्येसाठी पेठापेठांत उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉलही आपला मानला. श्री शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, झुंजार क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ हे संघही असेच आपापल्या भागाचे. तालीम म्हणजे केवळ संघ नव्हे. गणेशोत्सव, शिवजयंती, मिरवणूक, कुणाच्या घरचे दुखणेखुपणे, महापुरातली मदत ही सारी कामे त्याच चौकातून चालतात. म्हणून इथला समर्थक संघ निवडत नाही. तो ज्या गल्लीत जन्मला तिचा असतो. तिकीट आणि पुरस्कर्त्यांच्या पैशांवर चालणाऱ्या व्यावसायिक लीगला हे मूळ विकत घेता येणार नाही. वर्गणी, देणगीदार आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांची धावपळ यांवर एवढी स्पर्धा उभी राहते, हे माझ्या मते भारतीय फुटबॉलमधले मोठे आश्चर्य आहे.

हंगामापूर्वी केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुठल्या संघातून कुठे गेला, याची चर्चा पहिला चेंडू लाथाडला जाण्याआधीच शहरभर रंगते. ‘अ’ गटातले संघ साखळी पद्धतीने एकमेकांशी खेळतात. विजयाला तीन, बरोबरीला एक गुण. बहुधा दुपारी एक आणि सायंकाळी एक असे दोन सामने होतात. त्यानंतर सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक यांसारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. चषकांची नावे आणि आयोजक वर्षागणिक बदलतात. त्यांत शहराच्या राजकारणाचे प्रतिबिंबही पडते. बाद फेरीत बरोबरी झाली की टायब्रेकर, आणि कोल्हापूरच्या प्रेक्षकाला टायब्रेकरइतके दुसरे काही आवडत नाही. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ, त्यातही पाटाकडील विरुद्ध श्री शिवाजी तरुण मंडळ किंवा खंडोबा, अशा लढतींना स्टेडियम भरून जाते. स्थानिक दैनिके या सामन्यांना बरीच जागा देतात.

संघांनी गेल्या काही दशकांत परगावचे, तसेच नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतले खेळाडूही आणले. खेळाचा वेग वाढला, खर्चही वाढला, आणि स्थानिक पोरांची जागा जाते ही तक्रार सुरू झाली. अशा खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. मला ती मर्यादा योग्य वाटते, कारण पेठेचा मुलगा मैदानात नसेल तर पेठेने यायचे कशाला?

ज्या ईर्षेने गर्दी जमते तीच ईर्षा अधूनमधून मैदानाबाहेर फुटते. समर्थकांची हुल्लडबाजी, दगडफेक, पोलिसांचा लाठीमार, सामना थांबवणे, संघावर किंवा खेळाडूवर कारवाई हे प्रसंग इथे घडलेले आहेत. त्यांत खेळाडूंचे वर्ष वाया जाते, हे समर्थकांनी ध्यानात घ्यायला हवे. २०१९-२० चा हंगाम मात्र वेगळ्याच कारणाने तुटला: मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने देशभरातली मैदाने बंद झाली.

केएसए ही वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी (विफा) संलग्न आहे, पण या लीगचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत थेट चढत नाही. गुणी मुलाला लवकरच शहर सोडावे लागते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याचे शिक्षण मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले. बाकीचे बहुतेक जण नोकरीधंदा सांभाळून आपल्याच तालमीकडून खेळत राहतात, आणि वळवाचे पाऊस सुरू होईपर्यंत उरलेले चषक उरकण्याची घाई चालू असते.