दहा आण्यांची कुळकथा

आमच्या घरात पणजोबांवर एक आळ होता. "तुह्या पणज्यानं दहा आने घेतले अन् धाकल्याले सहाच देल्ले," आजी म्हणायची. पुरावा म्हणून ट्रंकेतली मोडीतली नक्कल काढायची. ती वाचता मात्र घरात कुणालाच येत नव्हती.

नांदगाव खंडेश्वरच्या शेताच्या नंबरापुढे मी आधी '११=' वाचलं. अकराचं काय करायचं, ते कळेना. पुढे मोडी शिकलो तेव्हा उमगलं, हे आकडेच नव्हेत. उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे निम्मं, आणि आडवी रेघ एक आणा. आठ आणि दोन, दहा. धाकट्यांच्या नंबरापुढे '।=', म्हणजे सहा. बेरीज बरोब्बर सोळा. आजी जिंकली!

पण कागद वाटणीपत्र नव्हताच. तो प्रतिबुकाचा, म्हणजे जमिनीची प्रत नोंदवलेल्या वहीचा, उतारा होता. 1860 च्या दशकात वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी आली. तिचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालात पक्के झाले होते: पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती सोळा आणे, दीड हात चौदा, सव्वा हात बारा, हातभर दहा, पाऊण हात आठ, अर्धा हात सहा. चुनखडी, वाळू, उतार असा एकेक दोष निघाला की प्रत एकेक पायरी खाली. तेव्हा दीड हात मातीही दोन दोषांनी दहावर येई. ते दहा आणे शेताचे होते, पणजोबांच्या हिश्श्याचे नव्हते. जमिनीच्या प्रतीलाही आणेवारी म्हणतात आणि हिश्श्यालाही आणेवारीच, म्हणून सगळा घोळ.

पण सोळाच का? रुपयाचे सोळा आणे म्हणून, असं सरळ उत्तर मिळतं. मला ते उलटं वाटतं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क आहे. शेरशाहचा रुपया त्यानंतर चारशे वर्षांनी आला. सोळा छटाकांचा शेर तर परवापर्यंत चालला. माझं म्हणणं, सोळा हा आकडा नाण्याचा नाही, वाटणीचा आहे: भाकरी, गूळ, वावर काहीही चारदा निम्मं करा, सोळा तुकडे होतात. दोन उभ्या रेघांची खूण त्या निम्म्याचीच. 'आणा' शब्दाचं मूळ काही जण 'अणु'त शोधतात. ते खरं असेल तर तो शब्दही आधी लहान तुकडाच होता, नाणं नंतर.

आता 'वारी'. संस्कृतात 'वार' म्हणजे पाळी, म्हणून कुणी आणेवारी तिकडे नेईल. पण रयतवार, नंबरवार, तपशीलवार या शब्दांच्या रांगेत ती बसते, आणि त्या रांगेतला 'वार' फारसी, 'नुसार' अर्थाचा. दफ्तराचा शब्द दफ्तराच्या भाषेतच शोधावा.

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि हळूहळू पिकाच्या अंदाजाच्या आणेवारीची पैसेवारी झाली. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, डिसेंबरअखेर अंतिम. पन्नासच्या आत की वर, एवढ्यासाठी आमच्याकडे पेपर उघडतात. ते पन्नास म्हणजे जुने आठ आणे, त्याच दोन उभ्या रेघा.

हे सगळं मी आजीला समजावलं, आळ धुतला म्हणून खुशीत. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हनजे हातभर माती यायले अन् अर्धा हात धाकल्याले. मी काय येगळं सांगत होती?"