एका ओट्यावरच्या दोघी

"प्रोसेसर चार दिसतात, मग काम चौपट का होत नाही?" हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. उत्तर इतिहासात दडलंय.

मेमरीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसरचा बराच वेळ नुसता वाट बघण्यात जातो. तो वेळ दुसऱ्या कामाला द्यावा, असं वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डीन टल्सन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांनी १९९५ साली मांडलं. म्हणजे ओटा एक, जावा दोघी. एकीच्या कुकरच्या शिट्या होईपर्यंत दुसरी पोळ्या करून घेते. इंटेलने २००२ साली ही सोय आधी झिऑनमध्ये आणि वर्षअखेरीस पेंटियम ४ मध्ये आणली. नाव हायपरथ्रेडिंग. चिपची जागा ५ टक्क्यांहून कमी वाढली आणि काही कामांचा वेग ३० टक्क्यांपर्यंत वाढला, असं इंटेलचं म्हणणं होतं.

गोम पुढेच आहे. दोन खरे प्रोसेसर असलेलं मशीन ऑपरेटिंग सिस्टिमला 'आम्ही चार आहोत' असं सांगायचं. विंडोज २०००ला त्यातला खरा-खोटा फरक कळत नसे. त्यामुळे आकडेमोडीचे दोन जड प्रोग्रॅम एकाच खऱ्या प्रोसेसरवर जाऊन पडू शकत आणि दुसरा रिकामा राही. इथे दोघींना एकाच वेळी तवा हवा, आणि शेजारच्या घरात चूल थंड!

विंडोज एक्सपीला हा फरक कळत होता. लिनक्सच्या शेड्यूलरमध्ये २००४ साली ही समज नीट आली. शिवाय टास्क मॅनेजरमधून किंवा लिनक्सच्या टास्कसेटने आपणही प्रोग्रॅमला प्रोसेसर नेमून देऊ शकतो. पण कुठला क्रमांक कुणाचा जोडीदार, हे मशीनगणिक बदलतं. ते न बघता ०, १ वर खुणा केल्या तर मदतीऐवजी अडचणच व्हायची.

मला जास्त विचारात पाडतं ते यापुढचं. ओटा एक म्हटल्यावर डबेही एकच. २००५ साली कॉलिन पर्सिव्हलने दाखवून दिलं की सामायिक कॅशवर नजर ठेवून शेजारच्या प्रोग्रॅमची गुप्त किल्ली बऱ्याच अंशी ओळखता येते. २०१८ साली ओपनबीएसडीने इंटेलवर हायपरथ्रेडिंग मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आणि २०२४ साली खुद्द इंटेलनेच लूनर लेक चिपमधून ते काढून टाकलं.

असो. तर जड कामं वाटताना चूल मोजावी, माणसं नव्हे.