कस्कारा तलवारीची रणांतील योग्यता

सुदानांतील कस्कारा तलवारीच्या पात्यावरील चंद्रमुद्रा पाहून कित्येक संग्राहक तें पातें युरोपांत घडलेलें मानतात. परंतु तशा मुद्रा तद्देशीय लोहारही उठवीत. शिवाय मुद्रेवरून शस्त्राची रणांतील योग्यता ठरत नाहीं. ती युद्धवृत्तांतांवरूनच पाहिली पाहिजे. ता. २ सप्टेंबर १८९८ रोजीं ओम्दुर्मानच्या उघड्या मैदानावर मॅक्झिम तोफा व बंदुका यांच्या माऱ्यापुढें खलीफा अब्दुल्लाही याच्या सैन्यांतील १०,००० हून अधिक लोक पडले. बहुतेकांस शत्रूजवळ पोंचतां आलेंच नाहीं. मात्र त्याच दिवशीं कोरड्या नाल्यांत दडलेल्या जमावावर सुमारें ४०० इंग्रज भालाईत स्वार चालून गेले, तेव्हां भाले-तलवारींच्या हातघाईंत कांहीं मिनिटांतच २१ स्वार व शंभरांवर घोडे पडले. सारांश, ही सरळ दुधारी तलवार जवळच्या लढाईंत खरी कामाची होती. दूरच्या माऱ्यापुढें मात्र तिचा उपाय चालला नाहीं.