अँटिव्हायरसमुळे मंदावलेला संगणक : कारणे आणि उपाय

संगणक रेंगाळू लागला की पहिला संशय विषाणूवर जातो, आणि विषाणू सापडला नाही की त्याला अटकाव करण्यासाठी बसवलेल्या अँटिव्हायरसवर. हा दुसरा संशय पुष्कळदा खराही असतो. धोका आहे तो त्यानंतरच्या उपायात. हातातले काम उरकेपर्यंत अँटिव्हायरस बंद ठेवला जातो आणि पुन्हा सुरू करायचे राहून जाते. अशाच एखाद्या दिवशी ई-मेलमधून आलेले रॅन्समवेअर घरची छायाचित्रे किंवा दुकानाचे हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागते. वास्तविक वेग आणि सुरक्षा यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. मंदपणाचे नेमके कारण शोधल्यास बहुतेक वेळा दोन्ही साधता येतात.

वेळ कोठे जातो?

अँटिव्हायरसची कामे मुख्यतः दोन. पहिले काम अखंड चालते. कोणतीही फाइल उघडली, उतरवली किंवा साठवली, की ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती जाण्यापूर्वी तपासली जाते. ज्ञात विषाणूंच्या खुणांशी तिची तुलना होते आणि तिचे वर्तन संशयास्पद आहे का, हेही पाहिले जाते. एका फाइलमागे हा वेळ नगण्य असतो. पण एखादा मोठा प्रोग्रॅम सुरू होताना शेकडो फायली उघडतो, तेव्हा तो जाणवू लागतो. झिपसारख्या फायलींत एकात एक अनेक फायली बांधलेल्या असल्याने त्या उलगडून पाहाव्या लागतात. एकदा तपासलेल्या फायलींची नोंद अँटिव्हायरस ठेवतो. परंतु विषाणूंची नवी यादी आली की त्यांतील अनेक फायली पुन्हा पाहणे भाग पडते.

दुसरे काम ठरलेल्या वेळी होणाऱ्या संपूर्ण तपासणीचे. यात डिस्कवरील सर्व फायली वाचल्या जातात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साधारण शंभर-दीडशे वेळाच वाचन करता येते. त्यामुळे तपासणी चालू असताना साधे पत्र उघडायलाही मिनिट लागू शकते. एसएसडी हेच काम कित्येक पटींनी जलद करते.

हे सर्व करण्यासाठी अँटिव्हायरसला ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात जागा दिलेली असते. म्हणूनच त्याची चूक महागात पडते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधील एक आवश्यक फाइलच विषाणू ठरवली आणि असंख्य संगणक वारंवार बंद-चालू होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कालपर्यंत नीट चालणारा संगणक एका अपडेटनंतर अचानक अडू लागला, तर सेटिंग्ज बदलण्याआधी संबंधित कंपनीची सूचना पाहणे इष्ट.

आधी मोजावे, मग बदलावे

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक मंद असतानाच सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन स्तंभ पाहावेत. सर्वांत वर ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव दिसल्यास ते विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरचे असते. या नावावर उजवी कळ दाबून फाइलचे ठिकाण पाहावे. ते ‘प्रोग्रॅम डेटा’ किंवा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील विंडोज डिफेंडरच्या फोल्डरखेरीज भलतीकडेच असेल, तर त्या नावाआड दुसराच प्रोग्रॅम लपल्याची शक्यता असते आणि प्रश्न मंदपणापुरता राहत नाही.

अनेकदा वरच्या ओळीत विंडोज अपडेट, शोधसूची तयार करणारी सेवा किंवा वीसेक टॅब उघडलेला ब्राउझर असतो. अशा वेळी अँटिव्हायरस निर्दोष असतो.

संशय उरलाच तर तुलना करावी. संगणक पुन्हा सुरू करून नेहमीचे एखादे काम किती सेकंदांत होते ते घड्याळ लावून पाहावे. नंतर इंटरनेट तोडून पुन्हा सुरू करावा, अँटिव्हायरसचे तात्काळ संरक्षण थांबवून तेच काम करावे आणि लगेच संरक्षण परत चालू करावे. दोन्ही वेळा संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे. एकदा वाचलेल्या फायली विंडोज मेमरीत ठेवत असल्याने दुसरी फेरी एरवीही जलदच भासते आणि दोष विनाकारण अँटिव्हायरसच्या माथी येतो.

नेहमी आढळणारी तीन कारणे

दोन अँटिव्हायरस : नव्या लॅपटॉपमध्ये काही महिन्यांच्या मुदतीचा अँटिव्हायरस बसवलेला असतो आणि ग्राहक त्यावर दुसरा विकत घेतो. मग एकच फाइल दोघेही तपासतात, कधी एकमेकांच्या फायलींवरही संशय घेतात. यांतील एकच ठेवावा. नको असलेला काढल्यावरही त्याचे अवशेष राहू शकतात. त्यासाठी मॅकॅफी, कॅस्परस्कीसारख्या कंपन्या स्वतंत्र सफाई-साधन देतात. दुसरा अँटिव्हायरस नोंदवला गेला की घरगुती संगणकातील डिफेंडर आपणहून बाजूला होतो, त्यामुळे त्याच्याशी झगडण्याचे कारण नसते.

चुकलेली तपासणी : संपूर्ण तपासणीची वेळ अनेकदा मध्यरात्रीची असते. घरातला किंवा छोट्या कचेरीतला संगणक तेव्हा बंद असतो. काही अँटिव्हायरस ही चुकलेली तपासणी सकाळी संगणक सुरू होताच हाती घेतात, म्हणजे ऐन घाईच्या वेळी. ही वेळ बदलून दुपारच्या जेवणाची ठेवावी. डिफेंडरसाठी ही सोय टास्क शेड्युलरमध्ये आहे. ठरलेल्या तपासणीत सीपीयूचा सरासरी ५० टक्क्यांपर्यंत वापर करण्याची त्याची मूळ मर्यादा प्रशासकाला आज्ञेद्वारे कमी करता येते.

सतत बदलणाऱ्या फायली : हिशेबाची प्रणाली, डेटाबेस आणि आउटलुकची टपालपेटी यांच्या फायली क्षणोक्षणी उघडतात व बदलतात. डेटा दुसऱ्या संगणकावर ठेवून नेटवर्कवरून वापरल्यास तपासणी दोन्हीकडे होऊ शकते. अशा वेळी विशिष्ट फोल्डर तपासणीतून वगळण्याची सोय असते. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जखाली ‘एक्स्क्लूजन्स’ या नावाने ती सापडते.

ही सवलत जपून वापरावी. वगळलेले फोल्डर हे विषाणूला सुरक्षित घर असते, आणि हल्लेखोरही अशी फोल्डरे हेरतात. म्हणून प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने लेखी सुचवलेले तेवढेच डेटा-फोल्डर वगळावे. संपूर्ण सी ड्राइव्ह, डाउनलोड्स, डेस्कटॉप, तात्पुरत्या फायलींचे फोल्डर आणि पेन ड्राइव्ह यांना कधीही सूट देऊ नये. वगळलेल्या डेटाची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी.

यंत्र जुने असेल तर

विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी लागते. परंतु तेवढ्यात ब्राउझर आणि अँटिव्हायरस एकत्र आले की मेमरी भरते आणि उरलेला भार डिस्कवर टाकला जातो. फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवल्यास व मेमरी वाढवल्यास जो फरक पडतो, तो कोणत्याही सेटिंगने पडत नाही. नवा अँटिव्हायरस निवडताना जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थांचे अहवाल पाहावेत. त्यांत संरक्षणाबरोबरच संगणकावर पडणारा भारही मोजलेला असतो.

विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ऑपरेटिंग सिस्टीममधल्या उणिवा बुजवणे हे अँटिव्हायरसचे काम नव्हे, हे अशा संगणकांच्या मालकांनी ध्यानात ठेवावे.

शेवटची खात्री

एका वेळी एकच बदल करावा आणि घड्याळ लावून परिणाम पाहावा. सर्व बदल झाल्यावर पहारा जागा आहे ना, हेही तपासावे. त्यासाठी आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल त्याच नावाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. ती उतरवताच अँटिव्हायरसने अडवली पाहिजे. अडवली नाही, तर संगणक कितीही वेगाने चालत असला तरी दुरुस्ती पूर्ण झालेली नाही.