सहाव्या वर्षाची दाढ

जळगाव-धुळ्याकडे एखाद्या मुलाचा खालचा जबडा मागे किंवा पुढे दिसला, की 'घराण्याची ठेवण' म्हणून अनेकदा विषय मिटतो. आनुवंशिकतेचा वाटा असतोच; पण आपण इथेच थांबावे का?

१८९९ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी वरची आणि खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशा बसतात, हे पाहून तीन वर्ग पाडले. सोय झाली, पण दाढ म्हणजे जबडा नव्हे! १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी डोके ठराविक स्थितीत धरून क्ष-किरण चित्रे घेतली. तेव्हा कुठे दोष दातांत की हाडांत, हे मोजता येऊ लागले. उपचार त्यावरच ठरतो. दात तारेने मोठेपणीही सरकतात. जबड्याच्या वाढीला वळण लावायचे तर ते वाढत्या वयातच. नंतर हाड कापून बसवावे लागते. खालच्या जबड्याची ही शस्त्रक्रिया तोंडाच्या आतून करण्याची ट्राउनर व ओब्वेगेसर यांची पद्धत १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली.

धुळ्याला आज दंत महाविद्यालय आहे, पण मुलाला तिथे वेळेवर न्यायचे तर आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. आम्हांला वाटते, ते पहिलीच्या शिक्षकांच्या सहज येईल. अँगल यांची ती दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता उगवते. म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडू देतात. ती काढावी लागली, की मागची दाढ त्या जागेत कलते.