मास स्पेक्ट्रोमीटरमधील निर्वात पंपाचे बिघाड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आयनांचा प्रवास हवेच्या रेणूंशी टक्कर न होता व्हावा, यासाठी मास स्पेक्ट्रोमीटरला उच्च निर्वाताची आवश्यकता असते. निर्वात बिघडला की दोष प्रथम पंपाला दिला जातो. तो कितपत रास्त असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात इतिहासाच्या आधारे केला आहे.

विवेचन :
केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ मध्ये निऑनची २० व २२ ही दोन वस्तुमाने आढळली. त्यांच्या उपकरणातील उरलेली हवा द्रव हवेने थंड केलेल्या कोळशात शोषली जाई. १९१५ मध्ये वोल्फगांग गेडे यांनी पाऱ्याच्या वाफेवर चालणारा विसरण पंप मांडला. पंपाची क्षमता वाढली. परंतु पाऱ्याची वाफ उलट उपकरणात शिरू लागल्याने शीत सापळे आवश्यक ठरले. १९२८ मध्ये सी. आर. बर्च यांनी पाऱ्याऐवजी तेल वापरले, तेव्हा तेलाच्या वाफेचा प्रश्न उद्भवला. १९५८ मध्ये पुढे आलेल्या टर्बोमॉलिक्युलर पंपाने तो बराच सोडविला. मात्र त्याच्या बेअरिंगची झीज हा नवा दोष ठरला. प्रत्येक सुधारणेबरोबर बिघाडाचे स्वरूप बदलत गेले, असे दिसून येते.

गळतीचा प्रश्न मात्र कायम राहिला. दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकेतील ओक रिज येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या कारखान्यासाठी सूक्ष्म गळती शोधणे अनिवार्य होते. त्यासाठी आल्फ्रेड नीर यांनी हेलियम ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर विकसित केला. हवेत हेलियम दशलक्ष भागांत केवळ ५ भाग असतो. त्यामुळे सांध्यावर बाहेरून सोडलेला हेलियम आत नोंदला गेला, की गळतीची जागा निश्चित होते. निर्वातावर अवलंबून असलेले उपकरणच अशा रीतीने निर्वाताचे परीक्षक बनले.

हेच तत्त्व आजही उपयोगी आहे. फिलामेंट सुरू करण्याइतका दाब उतरला असेल, तर प्रथम वर्णपट वाचावा. २८ व ३२ ही शिखरे सुमारे ४:१ प्रमाणात असल्यास हवेची गळती संभवते; १८ चे शिखर प्रबळ असल्यास ओलावा. पूरक रोटरी पंपाचे तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी मिसळले आहे, असे समजावे. ते गॅस बॅलास्ट उघडून काढता येते अथवा तेल बदलावे लागते.

निष्कर्ष :
पंप निकामी ठरविण्यापूर्वी गळती, ओलावा व तेल यांची क्रमाने तपासणी व्हावी. मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अनावश्यक पंपखरेदी म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रयोगांवरच पडणारा भार होय. दोषशोधाचा हा इतिहास अध्यापनाचाही भाग व्हावा, असे वाटते.