मोहाचे मडके आणि १८९२ चा कायदा

१/७
मडक्यात भिजवलेली मोहफुले पुरती आंबली, हे ओळखायचे कसे? ठाणे जिल्ह्यातील कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबांत हा एकेकाळी घरगुती प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो महसुलाचा आणि पुढे गुन्ह्याचा विषय कसा झाला, याचा हा थोडक्यात इतिहास.

२/७
चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचून वाळवली की टंचाईच्या दिवसांत भाजून, शिजवून खाता येतात. लग्नकार्यासाठी त्यांचीच दारू होते. भिजलेल्या फुलांतील साखर यीस्ट खाते; त्यातून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग हे आंबवण भट्टीवर चढवून दारू गाळली जाते.

३/७
सारे कौशल्य भट्टी पेटवण्याची वेळ ओळखण्यात असते. आंबवण जोरात असते तोवर मडक्यातून बुडबुड्यांची चुरचुर ऐकू येते आणि वायूमुळे फुले वर तरंगतात. आवाज थांबला, फुले तळाशी बसली, जिभेवरचा गोडवा ओसरला, की वेळ झाली. घाई केली तर साखर वाया जाते. उशीर झाला तर मद्यार्काचे आम्ल होऊन सारे आंबट पडते. थंडीत दिवस जास्त लागतात, उन्हाळ्यात कमी. त्यामुळे नुसते दिवस मोजून भागत नाही.

४/७
१ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण-वाशिंद लोहमार्ग खुला झाला. आजचे खडवली स्थानक याच टप्प्यात येते. आंबण्यामागे सजीव सूक्ष्मजंतू असतात, हे लुई पाश्चर १८५७ पासून मांडू लागला. मोहाचे मडके लावणाऱ्यांना यीस्ट ठाऊक नव्हते. त्याचे काम कधी संपते, हे मात्र पक्के ठाऊक होते.

५/७
१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारची पकड घट्ट केली. गावोगावच्या लहान भट्ट्यांची जागा उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या, कर भरणाऱ्या भट्ट्यांनी घेतली. सरकारमान्य दारूची तीव्रता हायड्रोमीटरने ठरू लागली : २५ आणि ६० अंश ‘अंडर प्रूफ’, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ४३ व २३ टक्के मद्यार्क. जिभेच्या निर्णयावर कर बसवता येत नव्हता. काचेच्या किंवा धातूच्या उपकरणावरील आकड्यावर तो बसवता येत होता.

६/७
तरीही घरची दारू थांबेना. मग सरकारचे लक्ष फुलांकडेच वळले. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर व साठवण्यावर निर्बंध आणले. इथे खरी मेख होती. घरातील टोपलीभर फुले उद्याचे जेवण आहेत की उद्याची दारू, हे फुलांकडे पाहून कसे सांगणार? दारूच्या संशयापायी गरिबाचे अन्नही कायद्याच्या कक्षेत आले. स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांसाठी स्वतंत्र तरतुदी राहिल्या.

७/७
आज घरी बिअर करणारे हौशी लोक हायड्रोमीटर बुडवून पाहतात. लागोपाठ दोन-तीन दिवस घनतेचा आकडा हलला नाही, तर आंबवण पूर्ण झाले असे मानतात. घनता न बदलणे आणि मडके शांत होणे, या एकाच घटनेच्या दोन खुणा आहेत. एकीला शास्त्र म्हटले गेले. दुसरी अबकारी शिपायाची चाहूल घेत, चोरून जपावी लागली. दारूचे दुष्परिणाम खरेच आहेत. पण अबकारीचा इतिहास केवळ व्यसनाचा इतिहास म्हणून वाचला, तर जंगलातील माणसांच्या हातून काय काय निसटले, ते दिसत नाही. (समाप्त)